द्वारा

कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्याचा पहिला पत्ता त्याचा स्वतःचा नसायचा. नावाखाली 'द्वारा' लिहून गावच्या आधी आलेल्या एखाद्याचं नाव, मग चाळ, मग खोली क्रमांक. घरचं पत्र, मनीऑर्डरची पोच, गिरणीतून आलेला निरोप, सगळं त्या 'द्वारा'च्या हातून जायचं. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या अर्जांवरही पत्त्याच्या डोक्यावर हाच रकाना असतो, 'इन केअर ऑफ'. नवखा माणूस तो कोरा सोडतो. हैतीहून आलेल्या माणसाचे बरेचसे हाल त्या कोऱ्या रकान्यातून सुरू होतात.

ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातलं भाड्याचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. तीन खोल्या, दोन-तीन कुटुंबं, भाडेकरार एकाच्याच नावावर, टपालपेटीवरही त्याचंच नाव. पेटीवर नसलेल्या नावाचं पाकीट आलं की पोस्टमन ते परत पाठवू शकतो. त्या पाकिटात कधी वर्क परमिटचं कार्ड असतं, कधी सोशल सिक्युरिटीचं, कधी इमिग्रेशन कोर्टाची तारीख. कार्ड परत गेलं तर पुन्हा पत्रव्यवहार आणि पुन्हा काही महिने कामाविना. कोर्टाची नोटीस परत गेली तर त्याहून वाईट. तारखेला माणूस हजर नसेल तर त्याच्या गैरहजेरीतच त्याला देशाबाहेर काढण्याचा आदेश निघू शकतो, आणि 'पत्र पोचलंच नाही' हे मागाहून सिद्ध करायला वकील लागतो.

यावरचा इलाज दहा मिनिटांचा आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने, चिकटपट्टीवर ठळक लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावायचं. अर्जात 'द्वारा'च्या रकान्यात भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव घालायचं. आणि घर बदललं की तीन ठिकाणी कळवायचं. स्थलांतर खात्याला दहा दिवसांच्या आत, एआर-११ या अर्जाने. कोर्टात प्रकरण असेल तर कोर्टाला पाच दिवसांच्या आत, ईओआयआर-३३ या अर्जाने, आणि त्याची एक प्रत सरकारी वकिलालाही. टपाल खात्याला वेगळं. स्थलांतर खातं गृहसुरक्षा विभागाचं आणि कोर्ट न्याय विभागाचं, त्यामुळे एकाला कळवलेलं दुसऱ्याच्या दप्तरी आपोआप जात नाही. बहुतेकजण फक्त टपाल खात्यात अर्ज देतात आणि काम झालं असं समजतात. यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. जिथे अख्खा पत्ता 'चर्चच्या मागे, निळ्या दाराचं घर' असा सांगितला जातो तिथून आलेल्या माणसाला पत्ता ही कायदेशीर जबाबदारी असते हे कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

नावाची गोष्ट पुढची. हैतीच्या कागदपत्रांवर आडनाव आधी येतं, नाव नंतर. त्यात तिथली पुष्कळ आडनावं स्वतःच नावांसारखी असतात: पिएर, जोसेफ, शार्ल, ज्यां. 'जोसेफ पिएर' यातलं आडनाव कुठलं हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला कळणं शक्य नाही. मग एका कार्डावर एक क्रम, दुसऱ्यावर दुसरा, बँकेत तिसराच, आणि दोन वर्षांनी तीन वेगळी माणसं असल्याचा संशय. तारखेचंही तसंच. हैतीत आपल्यासारखाच आधी दिवस, मग महिना. ५ ऑगस्ट म्हणून लिहिलेलं ०५/०८ अमेरिकेत ८ मे होतं. फ्रेंच वळणाच्या हस्ताक्षरात एकच्या आकड्याला वर लांब शेपूट असतं, अमेरिकन डोळ्याला तो सात वाटतो. म्हणून मदतीला बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी एका कार्डावर चार गोष्टी छापील अक्षरांत लिहून द्याव्यात: आडनाव, नाव, महिना अक्षरांत लिहिलेली जन्मतारीख, आणि ए-नंबर, म्हणजे स्थलांतर खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक. ते कार्ड खिशात, त्याचा फोटो फोनमध्ये, आणि प्रत्येक अर्ज त्यावरून उतरवायचा.

हैतीची माणसं एका वाटेने आणि एका दमात आलेली नाहीत, हे समजून न घेता केलेली मदत बहुधा चुकते. १२ जानेवारी २०१०चा भूकंप झाला, त्यानंतर अमेरिकेत आधीच असलेल्यांना तात्पुरतं संरक्षण मिळालं. त्याला सगळे टीपीएस म्हणतात. त्याच काळात हजारोजण ब्राझीलला बांधकामांवर गेले, तिथली कामं आटल्यावर चिलीला. २०२१च्या ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली, १४ ऑगस्टला दक्षिणेत पुन्हा मोठा भूकंप, आणि सप्टेंबरात टेक्सासच्या देल रिओमध्ये पुलाखाली जमलेले हजारो हैतीयन जगाने पाहिले. त्यांतले कित्येक हैतीहून थेट आलेले नव्हते. चिली-ब्राझीलहून निघून कोलंबिया-पनामा सीमेवरचं दारिएनचं जंगल पायी तुडवत आले होते. जानेवारी २०२३मध्ये पॅरोलची, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाची, योजना हैतीलाही लागू झाली: अमेरिकेतल्या कुणीतरी जामीनदार म्हणून अर्ज करायचा आणि माणसाने विमानाने यायचं, दोन वर्षांसाठी. योजनेतल्या चार देशांचे मिळून पाच लाखांवर लोक तसे आले. २०२५मध्ये ती योजना गुंडाळली गेली, टीपीएस संपवण्याच्याही हालचाली सुरू झाल्या आणि तारखा कोर्टात वरखाली होऊ लागल्या.

त्यामुळे एकाच घरात नवरा टीपीएसवर, बायको पॅरोलवर आलेली, थोरला मुलगा चिलीत जन्मलेला म्हणून चिलीचा नागरिक, आणि धाकटी इथे जन्मलेली म्हणून अमेरिकन, असं सहज असतं. चौघांचे चार वेगळे कायदे. 'तुमच्याकडे कागद आहेत का?' हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. बाहेरून आलेल्या प्रत्येकाचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, छापून काढायचा, त्यावरची प्रवेशाची तारीख आणि प्रवेशाचा प्रकार पाहायचा, आणि मग पुढचं. आश्रयाचा अर्ज माणूस अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. पॅरोल दोन वर्षांचा असल्यामुळे दोन वर्षं हाताशी आहेत असं माणूस धरून चालायचा. उशिराला अपवाद आहेत, पण ते वकिलाने मांडायचे असतात. अपवादाच्या भरवशावर कुणी बसू नये. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा की आश्रयाचा अर्ज पोचल्यावर १५० दिवसांनी वर्क परमिट मागता येतं आणि १८० दिवस भरल्याशिवाय ते मिळत नाही. पॅरोलवरचा माणूस मात्र, योजना चालू होती तोवर, ते लगेच मागू शकत होता. हे ठाऊक नसल्यामुळे पॅरोलवर आलेली माणसं सहा-सहा महिने उगाच थांबलेली असायची.

इथेच फसवणारे भेटतात, आणि ते बहुतेकदा हैतीयन माणसाच्या स्वतःच्याच भाषेतले असतात. सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळणारा अर्ज पैसे घेऊन 'मिळवून' देणारे, कोऱ्या कागदावर सही घेणारे, आणि सगळ्यांत घातक म्हणजे एकाच्या आश्रयाच्या अर्जातली हकीकत नावं बदलून दुसऱ्याच्या अर्जात घालणारे. कायद्याचा सल्ला फक्त वकील देऊ शकतो, किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेला संस्थेचा प्रतिनिधी. चर्चमधला भला माणूस अर्जातली अक्षरं वाचून दाखवू शकतो, भाषांतर करू शकतो. कोणता अर्ज करायचा हे त्याने ठरवू नये. चांगल्या मनाने दिलेला चुकीचा सल्लाही कोर्टात तेवढाच महाग पडतो.

आता भाषेकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि त्या करणाऱ्याला कळतही नाहीत. हैती म्हणजे फ्रेंच, असं समजून दवाखान्यात, शाळेत, पोलिस ठाण्यात फोनवर फ्रेंच दुभाषा मागवला जातो. हैतीत सगळे बोलतात ती भाषा क्रेयोल. सराईतपणे फ्रेंच बोलणारे थोडे. पण शाळा, कचेरी, प्रतिष्ठा ही पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंचची. त्यामुळे समोरचा माणूस फ्रेंच कळत नसतानाही मान डोलावतो, 'नाही कळलं' म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं. इंग्रजी डॉक्टरसमोर मान डोलावून बाहेर आल्यावर 'काय म्हणाले हो?' विचारणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. म्हणून दुभाषा मागताना नेमकं 'हेशन क्रेयोल' म्हणायचं. आणि कळलं का असं न विचारता, 'गोळी कधी घ्यायची ते मला सांगा' असं विचारायचं.

क्रेयोलमध्ये 'ली' हे एकच सर्वनाम तो, ती आणि ते तिन्हींसाठी चालतं. 'नू' म्हणजे आम्ही, आणि 'नू' म्हणजेच तुम्ही सगळे. रोजच्या बोलण्यात संदर्भाने सगळं कळतं. पण आश्रयाच्या मुलाखतीत दुभाष्याने एका वाक्यात 'ली'चं 'तो' केलं आणि पुढच्यात 'ती' केलं, तर हल्ला करणारा पुरुष होता की बाई, हे अर्जदाराला सांगता आलं नाही अशी नोंद होते. 'त्यांनी नू मारलं' यात आम्हाला मारलं की तुम्हाला, हेही तसंच. मुलाखतीच्या तयारीला बसणाऱ्याने अर्जदाराला एवढंच शिकवावं: सर्वनाम टाळून नातं सांगा. 'माझा भाऊ', 'शेजारीण', 'ते दोन पुरुष'. असं सांगितलं की दुभाष्याकडून होणारी चूकच टळते.

लहान मुलांना दुभाषा करू नये, हे अमेरिकेच्या आरोग्यसेवेच्या नियमांतही आहे. तरी ते रोज घडतं, कारण मुलगी तीन महिन्यांत इंग्रजी बोलायला लागते आणि आई लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने आईच्या गर्भपाताची माहिती डॉक्टरांना सांगावी, किंवा घर खाली करण्याची नोटीस बापाला वाचून दाखवावी, हे त्या मुलीच्या पुढच्या कित्येक रात्रींवर लादलेलं ओझं असतं. फोनवरचा दुभाषा सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यात मोफत मिळायला हवा. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, एवढं आईला आधी सांगून ठेवलं तर ती मागते.

छापील पत्रकांचा उपयोग मदत करणाऱ्यांना वाटतो तितका नसतो. क्रेयोलचं अधिकृत लेखन १९७९मध्ये ठरलं आणि १९८७च्या राज्यघटनेने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं. ते लेखन अगदी उच्चाराबरहुकूम, जवळजवळ आपल्यासारखं. पण शाळेत गेलेल्या मोठ्या माणसांनी अक्षरं फ्रेंचमधून गिरवलेली, आणि पुष्कळांना शाळाच मिळालेली नाही. जे ऐकायला सोपं ते वाचायला अडखळतं. हैतीची माणसं रेडिओची, कानाची. दीड मिनिटाचा व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज, सुरुवातीला 'बोंजू', मग एकच गोष्ट, एकच तारीख, एकच पत्ता, शेवटी तारीख पुन्हा: हा पत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा लांब जातो. बोंजू विसरायचं नाही. नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं हैतीत उद्धटपणाचं समजतात. खेड्यात तर दारात उभं राहून 'ओने!' म्हणायचं, म्हणजे मान, आणि आतून 'रेस्पे!' आल्यावरच उंबरा ओलांडायचा.

शाळेत नाव घालताना पालकांना एक फॉर्म मिळतो: घरी कोणती भाषा बोलता? धाकाने पालक 'इंग्रजी' लिहितात, मुलाला मागे टाकतील म्हणून. किंवा मानाने 'फ्रेंच' लिहितात. पहिल्यात मुलाला इंग्रजी शिकवण्याची जादा तासिका मिळत नाही, दुसऱ्यात नको तो दुभाषा येतो. चिलीत वाढलेलं मूल घरी क्रेयोल समजतं पण बोलतं स्पॅनिश; तिथे दोन्ही लिहायला हवं. जुनी गुणपत्रिका असेल तर आणखी एक घोळ. हैतीच्या बऱ्याच शाळांत गुण १० किंवा २०पैकी असतात आणि हात आखडून दिलेले असतात. वीसपैकी बारा म्हणजे तिथे बरा विद्यार्थी. अमेरिकन कार्यालय त्याचे साठ टक्के करतं आणि मुलाच्या नावापुढे 'डी' लावतं. वर्गांची जुनी फ्रेंच मोजणी उलटी चालते: 'त्र्वाझिएम', म्हणजे शब्दशः तिसरी, ही आपली दहावीच्या आसपासची यत्ता. भाषांतर करणाऱ्याने 'तिसरी' लिहून मोकळं झालं की सोळा वर्षांच्या मुलाचं शिक्षण कागदावर तिसरीत थांबतं. भाषांतराबरोबर गुणांची पट्टी आणि यत्तांचा तक्ता जोडलाच पाहिजे.

लशींचं आपल्या वाचकांना लगेच समजेल. हैतीच्या सरकारी वेळापत्रकात, आपल्याप्रमाणेच, गोवर-रुबेला आहे पण गालगुंडाची लस नाही, आणि कांजिण्यांचीही नाही. अमेरिकन शाळा दोन्ही मागते. कार्ड वाटेत हरवलेलं असेल तर रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती पाहता येते, किंवा डोस पुन्हा देता येतात. पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. क्षयरोगाची हातावरची सुईची चाचणी बीसीजी घेतलेल्यात खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागावी, नाहीतर धडधाकट मूल छातीच्या एक्स-रेच्या रांगेत अडकतं. आणि ज्यांचं स्वतःचं घर नाही, नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहतात, त्यांच्या मुलांना कागद अपुरे असले तरी लगेच वर्गात बसवण्याची सक्ती मॅककिनी-व्हेंटो कायद्याने शाळेवर आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी नेमलेला माणूस असतो. त्याच्या नावाने विचारलं की खिडकीवरचं 'उद्या या' बंद होतं.

पालकसभेला हैतीचे पालक येत नाहीत, म्हणून शिक्षक त्यांना बेफिकीर ठरवतात. हैतीत शिक्षकाला सगळा अधिकार सोपवलेला असतो. शाळेने बोलावलं म्हणजे मुलाने काहीतरी वाईट केलं, एवढाच त्याचा अर्थ. मूल मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही तो आदर असतो, शिक्षकाला लपवाछपवी वाटते. दोन्ही बाजूंना हे एकदा, शांतपणे, क्रेयोल येणाऱ्या माणसाने सांगितलं तर पुढचं वर्ष सोपं जातं.

हिवाळा जवळ आला की कोट वाटले जातात, ते चांगलंच. पण जीव जातो तो वेगळ्या कारणाने. हैतीत बऱ्याच घरांत स्वयंपाक लोणारी कोळशावर होतो. वीज महाग, हीटर बंद पडलेला, आणि शेगडीची सवय हाताला. बंद खिडक्यांच्या घरात कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, संपलं. गॅसच्या ओव्हनचं दार उघडं ठेवून खोली गरम करणंही तितकंच घातक. प्रत्येक कोटाबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म द्यावा, तो झोपायच्या खोलीजवळ लावून, बटण दाबून आवाज ऐकवून यावं. तो आवाज झाला तर सगळ्यांनी बाहेर पडून ९११ला फोन करायचा आणि आधी 'हेशन क्रेयोल' एवढंच म्हणायचं.

अन्नवाटपाच्या ठिकाणी डबाबंद शेंगा आणि गोड सूप दिलं जातं आणि ते तसंच कपाटात राहतं. तांदूळ, सुका राजमा किंवा काळा घेवडा, मक्याची कणी, कच्ची मोठी केळी, तेल, खारवलेला सुका मासा: एवढं असलं की हैतीचं घर चालतं. सुक्या मासळीच्या वासावर नाक न मुरडणाऱ्या मालवणी माणसाला हे समजावून सांगायला नको. पीनट बटरही आवडीचं, पण तिखट. तिथे त्यात मिरची वाटतात. खरी नड असते ती 'एपिस'च्या सामानाची, म्हणजे त्यांच्या हिरव्या वाटणाची: पार्सली, कांद्याची पात, लसूण, थाईम, ढोबळी मिरची आणि एक जहाल मिरची. ताज्या पालेभाजीचं कुपन दिलं तर हे जमतं. १ जानेवारीला, १८०४च्या स्वातंत्र्याच्या आठवणीत, प्रत्येक घरी भोपळ्याचं 'सूप जुमू' शिजतं. गुलामगिरीत मालकांसाठी शिजवायचं आणि स्वतः चाखायचं नाही, असं ते सूप. त्याला दाट गराचा भोपळा लागतो. हॅलोवीननंतर उरलेले नारिंगी भोपळे वाटू नयेत, ते पाणचट निघतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कबोचा किंवा बटरनट मागवून ठेवावेत.

स्प्रिंगफील्डचं नाव जगाला २०२४च्या सप्टेंबरात कळलं ते हैतीयन लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात या खोट्या अफवेमुळे, पण त्या गावाचं दुःख आणि ताण त्याआधीचा आणि खरा होता. सुमारे साठ हजार वस्तीच्या गावात काही वर्षांत बारा ते वीस हजार हैतीयन आले असा अंदाज होता. गोदामांना आणि कारखान्यांना माणसं हवी होती, त्यांना काम मिळालं. पण दवाखाना, शाळा आणि भाड्याची घरं तेवढीच राहिली. रांगा लांबल्या, भाडी चढली. २२ ऑगस्ट २०२३ला, शाळेच्या पहिल्याच दिवशी, एका हैतीयन चालकाच्या गाडीची शाळेच्या बसशी टक्कर झाली आणि अकरा वर्षांचा मुलगा गेला. चालकाकडे ओहायोत चालणारा परवाना नव्हता. पुढे राजकारण तापलं तेव्हा त्या मुलाच्या वडिलांनी जाहीरपणे विनवलं की त्याचा मृत्यू द्वेषासाठी वापरू नका. अफवेनंतर बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या, सगळ्या खोट्या. राज्यपाल माइक डिवाइन यांनी शाळांवर राज्याचे पोलिस पाठवले आणि दवाखान्यांसाठी २५ लाख डॉलर्स जाहीर केले. तो पैसा गावात लोक वाढताना आला असता तर, असं मनापासून वाटतं. दवाखान्यातली रांग लांबली हे म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशाला द्वेष्टा ठरवून नवख्याचं भलं होत नाही. त्याच्या रांगेसाठी आणखी एक नर्स आणि नवख्यासाठी एक दुभाषा, दोन्ही एकाच वेळी लागतात.

गाडी शिकवणं हे त्यामुळे स्प्रिंगफील्डमध्ये दयेचं नव्हे, सगळ्यांच्या सुरक्षेचं काम आहे. हैतीत गाड्या उजव्या बाजूनेच चालतात, तेव्हा अडचण बाजूची नाही. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि थांब्याचा फलक बाहेर आला की चारपेक्षा कमी पदरी रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी किमान दहा फूट अंतरावर थांबायचं. चारही बाजूंना थांब्याची पाटी असेल तर जो आधी आला तो आधी, बरोबर आले तर उजवीकडचा आधी. पुलावरचं पाणी रस्त्याआधी गोठतं. हे तीन धडे रिकाम्या मैदानात, खेळण्यातल्या गाड्या मांडून, क्रेयोलमध्ये शिकवले की लेखी परीक्षा बरीच सोपी होते. ओहायोत ती चाळीस प्रश्नांची, तीस बरोबर लागतात. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याची मालकीच्या कागदावरची सही नोटरीसमोर व्हायला हवी. ती नसेल तर पैसे गेले आणि गाडी नावावर चढत नाही.

काम आणि भाड्याबद्दल थोडक्यात. आठवड्याला चाळीस तासांवरच्या कामाला बहुतेक ठिकाणी दीडपट मजुरी लागते. कंत्राटदार व्हॅनने नेण्याचे पैसे कापत असेल तर पगाराची चिठ्ठी दर आठवड्याला जपून ठेवायची आणि तास स्वतःच्या वहीत लिहायचे. नोकरीसाठी कोणते कागद दाखवायचे ते ठराविक यादीतून कामगार निवडतो. मालकाला 'अमुकच कार्ड आण' म्हणता येत नाही. घरात शिरण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे. सोडताना नवा पत्ता घरमालकाला लेखी द्यायचा. ओहायोत अनामत तीस दिवसांत परत करावी लागते.

हैतीच्या माणसांना मदत कशी उभी करायची हे बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. 'कोंबीत' ही त्यांची जुनी रीत म्हणजे आपली सावड किंवा इर्जिक: एकाच्या शेतावर सगळे जमतात, ढोलाच्या तालावर काम उरकतात, यजमान जेवायला घालतो, उद्या दुसऱ्याच्या शेतावर. 'सोल' म्हणजे सरळ आपली भिशी. दहाजणांनी दर पंधरवड्याला दोनशे डॉलर टाकायचे, दर वेळी एकाला दोन हजार. पहिलं भाडं आणि अनामत बहुतेकांनी अशीच भरलेली असते. ज्या बाईकडे पैसा जमतो ती 'मांमां सोल', सोलची आई. यात बिघडतं ते दोन ठिकाणी: एखाद्याचं काम सुटतं आणि हप्ता मांमां सोलला पदरचा भरावा लागतो, आणि बँकेत अचानक जमा झालेले दोन हजार मदतीच्या कार्यालयाला कमाई वाटतात. एक साधी वही, तारखा, नावांची आद्याक्षरं आणि सह्या ठेवल्या की दुसरा प्रश्न सुटतो.

जुन्या वस्त्यांतून हीच रीत संस्थांपर्यंत गेली. मॉन्ट्रियलमध्ये १९७२पासून 'मेझों द'आयती' आहे. मायामीच्या लिटल हैतीत २०००मध्ये 'सांत ला' सुरू झालं, बॉस्टनच्या मॅटापॅनमध्ये 'इमिग्रंट फॅमिली सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट' आहे. २०१७च्या उन्हाळ्यात टीपीएस जाणार या भीतीने हजारो हैतीयन अमेरिकेतून कॅनडात शिरले आणि मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम खाटांनी भरलं, तेव्हा तिथे क्रेयोल बोलणारी माणसं तयार होती. स्प्रिंगफील्डला असं पन्नास वर्षांचं घर नव्हतं. चर्चमधल्या मंडळींनी आणि हैतीयन लोकांनीच तिथलं मदत केंद्र उभं केलं. अशा नव्या गावात सगळा भार त्याच पाच-सहा दोन भाषा येणाऱ्या माणसांवर पडतो. ते कामावरून सुटतात आणि रात्री अकरापर्यंत फोनवर भाषांतर करतात. परिषदांतले दुभाषे वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढे चुका वाढतात. इथे एकजण सलग सात तास बसतो. देणगीतला पहिला डॉलर कोटांवर नव्हे, या माणसांच्या तासांवर खर्च व्हावा. पैसे देऊन, वेळ ठरवून, आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी देऊन. अमेरिकेतली आपली मराठी मंडळं दिवाळी पहाटेला सभागृह घेतात. तेच सभागृह महिन्यातून एका रविवारी दुपारी, दोन टेबलं आणि एक प्रिंटर ठेवून उघडता येईल.

त्या टेबलावर काय करायचं? प्रत्येकाने आठवड्यात आलेली सगळी पाकिटं न उघडता आणायची, जाहिरातीसुद्धा. उघडून तीन ढीग: फेकायचं, ठेवायचं, तारीख आहे. तारखेचं पाकीट मोठ्याने क्रेयोलमध्ये वाचायचं, तारीख माणसाच्या फोनमध्ये आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्हीकडे घालायची, आणि त्याच्या आधीच्या आठवड्याची आठवणही. ए-नंबर घालून कोर्टाची तारीख ऑनलाइन तपासायची, पत्र आलेलं नसलं तरी, कारण तारखा पत्राशिवायही पुढे-मागे होतात. क्लीव्हलंडचं कोर्ट स्प्रिंगफील्डहून तीनेक तासांवर. गाडी कोण नेणार हे त्याच दिवशी ठरवायचं.

आणि सध्या एक जास्तीचं पाकीट भरावं लागतं. टीपीएसच्या तारखा अधांतरी असताना आईबापांपैकी कुणी संध्याकाळी घरी आलं नाही तर मुलं कुणाकडे जाणार, हे आधी लिहून ठेवायचं. मुलांचे जन्मदाखले, इथे जन्मलेल्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट, लशींची कार्डं, औषधांची यादी, शाळेत 'यांना मूल न्यायला परवानगी' या रकान्यात दुसऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव, आणि त्या माणसाला मुलांची देखभाल सोपवणारा, वकिलाने पाहिलेला, नोटरी केलेला कागद. दोन प्रती. एक घरात, कपाटाच्या वर नव्हे, मुलांचा हात पोचेल तिथे. दुसरी त्या माणसाकडे. ती बाई असेल तर मुलं तिला 'तांत' म्हणतात, म्हणजे मावशी, नात्याची असो नसो. त्या माणसाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या मुलाकडून तोंडपाठ करून घ्यायचा, इंग्रजीत, आकडा आकडा सुटा म्हणून.